कॅमेलियनचं तयार किट: खोक्यातलं काय ठेवावं, काय बदलावं

कॅमेलियन पाळायला लागणारं सगळं एका खोक्यात देणारी स्टार्टर किटं बऱ्याच कंपन्या विकतात. नावं आणि वेष्टनं वेगळी असली तरी आतला माल जवळपास सारखाच असतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीचा साधारण ४०×४०×७५ सेंमीचा जाळीचा पिंजरा, दोन बल्ब बसतील असा डोम होल्डर, एक कॉम्पॅक्ट यूव्हीबी (अतिनील बी किरण देणारा) बल्ब, एक उष्णतेचा बल्ब, पाण्याचा ड्रिपर, वाकवता येणारी वेल, प्लॅस्टिकची पानं, चिकटवायचे काट्याचे तापमापक आणि आर्द्रतामापक, कॅल्शियम पावडरची छोटी डबी. काही किटांत रात्रीसाठी म्हणून निळा किंवा लाल बल्बही घालतात. हे परीक्षण या साच्याचं आहे, कुठल्या एका ब्रँडचं नाही. समोर धरले आहेत ते सर्वांत जास्त पाळले जाणारे दोन कॅमेलियन: येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला व्हेल्ड, आणि मादागास्करच्या उत्तर व पूर्व भागातला पँथर.

निकाल आधीच सांगतो. पिंजरा (पिल्लापुरता) आणि ड्रिपर कामाचे आहेत. दिवा, वेल, पानं आणि मापकं बदलावी लागतात. पावडर कुठली आहे ते डबीवर वाचल्याशिवाय वापरू नये. आणि मादी पाळायची असेल तर तिचा जीव जिच्यावर अवलंबून असतो ती वस्तू या खोक्यात नसतेच.

पिंजऱ्यापासून सुरुवात करू. जाळीचा पिंजरा हा कॅमेलियनसाठी योग्यच प्रकार. हवा खेळती राहते, पाणी मारल्यावर काही तासांत सगळं सुकतं, आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब बघून नराने दिवसभर फुगून बसण्याचा प्रश्न येत नाही. फार कोरड्या किंवा थंड खोलीत मात्र उघड्या जाळीत ओलावा टिकत नाही. तिथे मागच्या आणि दोन बाजूंना बाहेरून पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे लावले की काम भागतं. पुढची बाजू आणि छत मोकळंच ठेवायचं.

जाळी ॲल्युमिनियमची आहे की फायबरग्लासची, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या. फायबरग्लासची जाळी रातकिडे कुरतडतात, आणि वरच्या गरम दिव्याखाली ती हळूहळू सैल पडते. वीण फार मोठी असेल तर नख अडकून उपटण्याची भीती असते. चौकटीचे कोपरे प्लॅस्टिकच्या सांध्यांनी जोडलेले असतात. जोडताना स्क्रू एकदम पूर्ण न आवळता आधी सगळी चौकट सैल उभी करावी, कोन काटकोनात आणावेत आणि मग आवळत जावं. नाहीतर दार तिरकं बसतं आणि खाली बोटभर फट राहते. छोटं पिल्लू अशा फटीतून आरामात निघून जातं.

आकाराबद्दल मात्र किटाच्या खोक्यावर जे लिहिलेलं असतं ते मान्य करता येत नाही. ४०×४०×७५ सेंमी हा तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाचा पिंजरा आहे. पूर्ण वाढलेल्या नराला ६०×६०×१२० सेंमी लागतो आणि मादीला ४५×४५×९० सेंमी हे खरं किमान. याचं कारण फक्त हिंडण्याफिरण्याचं नाही. कॅमेलियनला एकाच वेळी वर ऊन, मध्ये सावली आणि खाली गारवा मिळाला पाहिजे. पाऊण मीटर उंचीत वरचे २० सेंमी दिव्याच्या अंतरातच जातात आणि उरलेल्या जागेत तापमानाचा उतार तयारच होत नाही. प्राण्याला नको असलेल्या उष्णतेपासून दूर सरकायला जागा राहत नाही. ‘वयस्क होईपर्यंत पुरेल’ हा दावा व्हेल्डच्या बाबतीत तर विशेष फसवा, कारण तो आठ-दहा महिन्यांतच पूर्ण आकाराच्या जवळ पोचतो.

आणखी एक उणीव तळाची. किटातला तळ म्हणजे एक सपाट पातळ पत्रा. त्यावर पाणी साचतं, त्यात विष्ठा आणि मेलेले किडे सडतात. तळाच्या पत्र्याला मध्यभागी ६ ते ८ मिमीची काही भोकं पाडून पिंजरा चार विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर उचलावा आणि खाली पसरट ट्रे सरकवावा. तळावर माती, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा पसरू नये. किडे त्यात लपतात, आणि जिभेला चिकटून ते सगळं पोटात जातं.

आता दिवा. किटाचा सगळ्यात कच्चा भाग हाच, आणि नुकसानही सगळ्यात जास्त याच्यामुळे होतं.

कॅमेलियनच्या त्वचेत अतिनील बी किरणांमुळे जीवनसत्त्व डी३ तयार होतं, आणि डी३ असेल तरच आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. हे घडलं नाही तर शरीर हाडांमधलं कॅल्शियम काढून वापरतं. पुढच्या पायांची हाडं धनुष्यासारखी वाकतात, जबडा मऊ पडतो, पकड सुटते, जीभ बाहेर येते पण परत आत जात नाही. पिल्लात हे काही आठवड्यांत दिसू लागतं. वाकलेलं हाड उपचारांनंतरही सरळ होत नाही.

कॉम्पॅक्ट बल्बचा प्रश्न त्याच्या आकारात आहे. किरण एका लहान ठिपक्यातून निघतात. थेट खाली मीटर धरला तर थोडा आकडा दिसतो, पण वीतभर बाजूला सरकलं की तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यात छताची जाळी विणीप्रमाणे साधारण एक तृतीयांशाच्या आसपास किरण अडवते. म्हणजे प्राणी नेमक्या एका बिंदूवर बसला तरच त्याला काहीतरी मिळणार, आणि तिथेही ते पुरेसं असेलच असं नाही.

कॅमेलियन आपली गरज ओळखून उन्हात येतो-जातो, ही नुसती समजूत नव्हे. २००९ साली कार्स्टन, फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी पँथर कॅमेलियनवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या आहारात डी३ कमी होतं ते प्राणी अतिनील प्रकाशात जास्त राहत होते, आणि ज्यांना ते भरपूर मिळत होतं ते कमी. हा तोल त्यांना सांभाळता यावा म्हणून प्रकाशाचा रुंद पट्टा आणि त्याच्या शेजारी खरी सावली, दोन्ही लागतात. कॉम्पॅक्ट बल्ब यातलं पहिलं देत नाही.

त्याच्या जागी रिफ्लेक्टर असलेली टी५ एचओ, म्हणजे बारीक पण जास्त ताकदीची, यूव्हीबी ट्यूब घ्यावी. पिंजऱ्याच्या रुंदीइतकी लांब, आर्केडियाची ६ टक्के किंवा झू मेडची रेप्टीसन ५.० या ताकदीची. ट्यूब छताच्या जाळीवर ठेवली तर बसलेल्या प्राण्याची पाठ जाळीपासून १५ ते २० सेंमी खाली यावी. मोजायचं ते पाठीपर्यंत, फांदीपर्यंत नाही. वयस्क व्हेल्ड नराची पाठ फांदीपेक्षा बरीच वर येते, म्हणून फांदी आणखी ५ ते ८ सेंमी खाली. या जागी अतिनील निर्देशांक ३ च्या आसपास असावा. १० किंवा १२ टक्क्यांच्या ट्यूब याच अंतरावर लावू नयेत. त्या वाळवंटी सरड्यांसाठी आहेत आणि इतक्या जवळून डोळे व त्वचा पोळतात.

हा निर्देशांक मोजायचं खात्रीचं साधन म्हणजे सोलरमीटर ६.५. एकट्यासाठी घेणं जड वाटलं तर पाळणाऱ्या तिघाचौघांत मिळून एक घ्यावा. ट्यूब डोळ्यांना तशीच उजळ दिसत राहते, पण तिच्यातून निघणारे बी किरण महिन्यागणिक घटत जातात. मीटर नसेल तर टी५ ट्यूब दर वर्षी बदलायची. मीटर असेल तर आकडा २ च्या खाली आला की बदलायची. ट्यूब आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा ॲक्रिलिक येऊ देऊ नये, ते बी किरण जवळजवळ सगळेच अडवतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही याच कारणाने उपयोगाचं नाही.

किटातला उष्णतेचा बल्ब वापरता येतो, पण तो जास्त वॉटचा असतो आणि डोम थेट जाळीवर ठेवायला सांगितलेलं असतं. तसं करू नये. कॅमेलियन छताला उलटा लटकतो आणि तापलेल्या जाळीला डोक्यावरचा तुरा टेकवतो. त्याला भाजल्याची जाणीव उशिरा होते. तुऱ्यावर किंवा पाठीच्या कण्यावर आधी हिरवट-काळा आणि नंतर पांढरट कोरडा डाग दिसला की ते भाजणंच. डोम जाळीपासून निदान ५ सेंमी वर टांगावा किंवा स्टँडवर धरावा. बल्ब किती वॉटचा हे खोक्यावरून ठरत नाही, फांदीवरच्या तापमानावरून ठरतं. व्हेल्ड आणि पँथरच्या वयस्क नराला २९ ते ३० अंश सेल्सिअस, पिल्लांना आणि व्हेल्ड मादीला २६ ते २७. एवढं खोलीच्या तापमानातच मिळत असेल तर बल्ब लावायची गरज नाही, ट्यूब पुरे. दिवे १२ तास चालू, १२ तास बंद, आणि हे काम टायमरवर सोपवावं.

जॅक्सन कॅमेलियनसाठी हे किट घ्यायचा विचार असेल तर उष्णतेचा बल्ब आणखी कमी ताकदीचा लागेल. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातला तो प्राणी, त्याला २९ अंश सोसत नाहीत आणि रात्री चांगला गारवा लागतो.

रात्रीचा निळा किंवा लाल बल्ब खोक्यातच राहू द्या. कॅमेलियनला रंग उत्तम दिसतात. लाल उजेड त्याच्यासाठी अंधार नसतो, त्याची झोप मोडते. रात्री तापमान उतरणं त्याला हवंच असतं, व्हेल्ड आणि पँथरला १६ ते २० अंश चांगले मानवतात. घर त्याहून फारच थंड पडत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा.

पाण्याच्या बाबतीत किट निम्मं बरोबर आहे. कॅमेलियन वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरून ओघळणारा थेंब चाटतो. त्यामुळे ड्रिपर देणं हा चांगला निर्णय. तो छतावर ठेवावा, सेकंदाला एक-दोन थेंब इतका सोडावा आणि थेंब रुंद पानावर पडेल अशी जागा साधावी. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नळी आणि झडप आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्याने धुतली नाही तर आत बुळबुळीत थर चढतो. तो जिवाणूंचा असतो.

निम्मी चूक सूचनापत्रकात असते: ‘दिवसातून तीन-चार वेळा फवारा, आर्द्रता कायम ६० ते ८० टक्के.’ दिवसा दिव्याची उष्णता आणि सतत ओली हवा हे मिश्रण श्वसनसंसर्गाला आमंत्रण देतं. तोंड वर करून श्वास घेणं, श्वासाबरोबर टकटक आवाज येणं, तोंडाच्या कडेला फेस, ही त्याची लक्षणं. कॅमेलियनचे जाणकार पेत्र नेचास आणि बिल स्ट्रँड यांनी ज्या पद्धतीचा पुरस्कार केला ती रानातल्या हवेच्या जवळची आहे. दिवसा ३० ते ५० टक्के, कोरडी आणि खेळती हवा. रात्री ८० टक्क्यांच्या वर, अगदी धुक्यापर्यंत. पहाटे दिवे लागण्याआधी दोन ते चार मिनिटं फवारा, म्हणजे सकाळी पानांवर दव असतं, आणि दुपारपर्यंत सगळं सुकलेलं. मिस्टकिंगसारखा पंप आणि टायमर असलेला फवारा हे काम मुकाट्याने करतो. हातातल्या पंपानेही जमतं, फक्त नेमाने करावं लागतं.

रात्रीच्या धुक्यासाठी थंड वाफेचा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर चालतो, पण खोलीचं तापमान २० ते २२ अंशांच्या खाली उतरत असेल तरच. उबदार रात्री धुकं सोडू नये, झोपेआधी आणि पहाटे फवारा मारावा, बस. यंत्रात डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घालावं आणि टाकी आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण सुकवावी. जे टाकीत वाढतं तेच धुक्याबरोबर फुप्फुसात जातं.

पाणी पुरेसं मिळतंय का, हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो पांढराशुभ्र किंवा टोकाला किंचित पिवळसर असेल तर ठीक. पूर्ण नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय.

वेल आणि पानांबद्दल थोडक्यात. वाकवता येणाऱ्या वेलीवर शेवाळासारखा दिसणारा फोमचा थर असतो. तो ओला राहतो, बुरशी धरतो, आणि तुकडे सुटून जिभेला चिकटतात. प्लॅस्टिकची पानं पँथरला एकवेळ चालतील. व्हेल्ड मात्र खरोखर पानं खातो, तो प्लॅस्टिकही तोडून गिळतो आणि आतडं तुंबतं. त्याऐवजी कुंडीतली खरी झाडं ठेवावीत: मनी प्लांट, बेंजामिना फायकस, शेफलेरा, जास्वंद, स्पायडर प्लांट. नर्सरीतून आणल्यावर पानं दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवावीत, वरची खताची माती काढून टाकावी आणि कुंडीचं तोंड प्राण्याला गिळता येणार नाहीत इतक्या मोठ्या गोट्यांनी झाकावं. पिंजऱ्याचा मधला निम्मा भाग इतका दाट हवा की प्राण्याला आपण दिसेनासं होता आलं पाहिजे. उघड्यावर बसलेला कॅमेलियन सतत गडद रंगात राहतो आणि हळूहळू खाणं सोडतो.

फांद्या खऱ्या, वेगवेगळ्या जाडीच्या. मूठ पूर्ण मिटणार नाही इतकी जाड एखादी आणि बाकीच्या पायांत नीट बसतील अशा. फांदीचं वजन जाळीवर टाकू नये, जाळी फाटते. चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना आतून आडव्या लाकडी काड्या स्क्रूने बसवाव्यात आणि फांद्या व कुंड्या त्यांना नायलॉनच्या टायने बांधाव्यात. टायची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला वळवावीत.

काट्याची मापकं सरळ फेकून द्या. छताजवळची हवा आणि फांदीवरची पाठ यांत पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो आणि चिकटवलेलं मापक दोन्ही दाखवत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेलं डिजिटल मापक घेऊन सेन्सर बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली ऊब घ्यायच्या, फांदीवर, पाठीच्या उंचीला बांधावा. दुसरं मापक पिंजऱ्याच्या मध्यावर, आर्द्रतेसाठी.

पावडरची डबी बारकाईने वाचायला हवी, कारण एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांत तीन वेगळ्या वस्तू असतात: नुसतं कॅल्शियम, डी३ असलेलं कॅल्शियम, आणि मल्टीव्हिटॅमिन. किटांत बहुधा दुसरी येते आणि पत्रकावर ‘प्रत्येक जेवणाला’ असं लिहिलेलं असतं. डी३ चं प्रमाण जास्त असलेली पावडर रोज दिली तर जादाचं डी३ मेदात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि ते मूत्रपिंड व रक्तवाहिन्यांत जमू लागतं. मानेभोवती आणि गळ्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज येणं हे पावडरींचा अतिरेक झाल्याचं नेहमी दिसणारं लक्षण.

चांगली ट्यूब लावलेली असेल तर वेळापत्रक सोपं आहे. प्रत्येक जेवणाला डी३ आणि फॉस्फरस नसलेलं साधं कॅल्शियम. दोन आठवड्यांतून एकदा डी३ आणि तयार स्वरूपातलं जीवनसत्त्व ए, म्हणजे रेटिनॉल, असलेलं मल्टीव्हिटॅमिन. डबीवर फक्त बीटा कॅरोटीन लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नये. ए कमी पडलं की डोळे खोल जातात किंवा दिवसा मिटतात, कात तुकड्यातुकड्यांत निघते, आणि जिभेचा चिकटपणा जाऊन नेम लागला तरी किडा निसटतो. ज्यांना दोन डब्या सांभाळायच्या नाहीत त्यांच्यासाठी रेपाशी कॅल्शियम प्लस लो-डी (LoD) ही कमी डी३ ची, प्रत्येक जेवणाला वापरायची एकत्रित पावडर आहे. ती घेतली तर तिच्या जोडीला दुसरी कुठलीही देऊ नये.

पावडर लावताना किडे पिशवीत घालून चिमूटभर पावडरीत हलकेच घोळवायचे. किडा भुतासारखा पांढरा दिसला तर पावडर जास्त झाली, आणि बरेच कॅमेलियन असा किडा तोंडात घेऊन थुंकतात. पावडरीपेक्षाही महत्त्वाचं आहे किड्याच्या पोटात काय आहे ते. रातकिड्यांत कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतं. खायला घालण्याआधी २४ ते ४८ तास त्यांना गाजर, भोपळा, हिरव्या पालेभाज्या, संत्र्याची फोड असं ताजं खाऊ द्यावं. काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांत मात्र कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. त्यांच्या जोडीला ड्युबिया झुरळं आणि रेशमाच्या अळ्या आलटून पालटून असाव्यात. किड्याची लांबी कॅमेलियनच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा जास्त नको. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नयेत, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात.

आता जे खोक्यात नाही त्याकडे. व्हेल्डची मादी नराशी भेट झाली नाही तरी अंडी घालते, साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयापासून पुढे. पँथर माद्याही कधी कधी घालतात. खणायला योग्य जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि अडकलेली अंडी तिचा जीव घेतात. तरीही ही किटं नर आणि मादी दोघांसाठी म्हणून विकली जातात, आणि पत्रकात अंड्यांचं नावही नसतं. या साच्यातली ही सगळ्यात गंभीर चूक. खोक्याचा खर्च न वाढवता एक परिच्छेद छापला असता तरी कितीतरी माद्या वाचल्या असत्या.

लेइंग बिन, म्हणजे अंडी घालायचा डबा, बनवायला विशेष काही लागत नाही. किमान ३० सेंमी रुंद आणि ३५ सेंमी खोल अपारदर्शक डबा किंवा बादली, तळाला चार-पाच भोकं, आत ३० सेंमी भर धुतलेली बारीक वाळू. वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. मग बोटांनी तळापर्यंत बोगदा करून पाहावा. तो ढासळला तर ओलावा कमी आहे, पाणी घालून पुन्हा मळावी. मादी स्वतः बोगद्यात शिरून खणते, तो अंगावर कोसळला तर ती जागा सोडून देते. बिन पिंजऱ्याच्या तळाशी कायमचं ठेवावं आणि त्यात उतरायला एक तिरकी फांदी द्यावी. किटाच्या पिंजऱ्यात ते ठेवलं की उंचीतले ३५ सेंमी गेलेच. मादीसाठी हा पिंजरा का पुरत नाही याचं हे आणखी एक कारण.

खणायला लागली की पिंजऱ्याचा खालचा भाग कापडाने झाकावा आणि तिला एकटं सोडावं. कुणी बघतंय असं तिला वाटलं की ती अर्धवट सोडून वर येते. खणणं, घालणं आणि वाळू दाबून बुजवणं यात एक-दोन दिवस जातात. नंतर ती थकलेली, पोट आत गेलेली दिसते. त्या दिवशी भरपूर पाणी आणि पुढचे काही दिवस चांगलं खाणं. पण ती दिवसा डोळे मिटून तळाशी बसली असेल, किंवा दोन-तीन दिवस ठिकठिकाणी खणूनही घालत नसेल, तर वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यावं.

अंड्यांची संख्या आपल्या हातात बरीच असते. भरपूर खाऊ आणि ३० अंशांची ऊब मिळालेली व्हेल्ड मादी एका वेळी ६० ते ८० अंडी घालते आणि दोन-तीन वर्षांत संपते. वाढ पूर्ण झाल्यावर तिला एका आड दिवशी तीन-चार किडे आणि २६ ते २७ अंशांची बास्किंगची जागा दिली तर संख्या २०-३० वर येते, दोन खेपांतलं अंतर वाढतं आणि आयुष्यही. पिल्लाला मात्र असं उपाशी ठेवू नये, त्याला रोज पोटभर.

प्रजननासाठी मादी निदान वर्षाची आणि अंगाने भरलेली हवी. नराला तिच्या पिंजऱ्यात सोडण्यापेक्षा आधी दोघांना लांबून दिसू द्यावं. मादी काळी पडून तोंड उघडत असेल, डुलत असेल, तर नाही म्हणजे नाही, लगेच आड करावं. शांत राहून संथ चालत राहिली तर एकत्र आणावं आणि नजर ठेवावी. भेट यशस्वी झाली की एक-दोन दिवसांत मादीचा रंग बदलतो. व्हेल्डमध्ये गडद अंगावर निळे-पिवळे ठिपके, पँथरमध्ये जवळजवळ काळ्यावर नारिंगी-गुलाबी पट्टे. त्यानंतर नर पुन्हा समोर आणू नये. व्हेल्ड मादी साधारण २० ते ३० दिवसांत अंडी घालते. ती शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे पुढची खेपही फलित निघू शकते.

अंडी काढताना फिरवू नयेत. वरच्या बाजूला पेन्सिलने हलकी खूण करावी आणि तीच बाजू वर ठेवून झाकणाच्या डब्यात, ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत) अर्धी रुतवावीत, दोन अंड्यांत २ सेंमी अंतर ठेवून. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने १ ला ०.८ ते १. जास्त ओलं झालं तर अंडी फुगून फुटतात, कोरडं झालं तर खड्डे पडतात. व्हेल्डची अंडी २६ ते २८ अंशांत सहा ते नऊ महिन्यांत फुटतात. पँथरला सहा ते बारा महिने लागतात, आणि पुष्कळ जण त्यांना आधी दीड-दोन महिने १८ ते २२ अंशांत ठेवून मग उबेत आणतात, म्हणजे अंड्यातली वाढ साधारण एकाच वेळी सुरू होते. यासाठी कोंबडीच्या अंड्यांचं इन्क्युबेटर घेऊ नये, ते फार गरम असतं आणि अंडी फिरवतं. बंद कपाटातली स्थिर तापमानाची जागा त्याहून बरी. दर एक-दोन आठवड्यांनी झाकण उघडून हवा बदलावी. पिवळं पडून बुरशी आलेलं अंडं बाजूला काढावं, नुसता डाग दिसला म्हणून घाई करू नये. फुटण्याआधी दिवस-दोन दिवस अंड्यावर घामासारखे थेंब येतात.

पिल्लांना पहिले काही दिवस पंख नसलेल्या फळमाश्या आणि ३ मिमीपर्यंतचे रातकिडे, कॅल्शियम लावलेले. सगळी एकत्र ठेवली तर मोठी पिल्लं लहानांना दडपतात आणि शेपट्या चावतात, म्हणून सुरुवातीपासून आकाराप्रमाणे छोटे गट आणि तीन महिन्यांची होण्याआधी प्रत्येकाला वेगळी जागा. एका खेपेतल्या तीस पिल्लांसाठी तीस पिंजरे, तीस फांद्या आणि रोजचे शेकडो किडे लागतात. एवढी घरं आधी ठरलेली नसतील तर जोडी लावू नये.

प्राणी घेताना तो बंदिस्त जागेत जन्मलेलाच घ्यावा आणि त्याची कागदपत्रं मागावीत. व्हेल्ड आणि पँथर दोन्ही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. रानातून पकडलेला प्राणी बहुधा जंतांनी आणि पाण्याच्या तुटवड्याने खंगलेला असतो. कुठलाही असो, पहिल्या महिन्यात विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

एवढं सगळं बदलायचं तर किट घ्यावंच का? नवं घेणार असाल तर नाही. मोठा पिंजरा, टी५ ट्यूब, साधा डोम, ड्रिपर आणि डिजिटल मापक सुटं घेतलं की यातली एकही वस्तू वाया जात नाही. किट आधीच घरी आलं असेल तर बदलण्याचा क्रम असा: आजच्या आज ट्यूब, आणि मादी असेल तर त्याच दिवशी वाळूची बादली. त्याच आठवड्यात पावडर आणि मापक. महिन्याभरात खरी झाडं. मोठा पिंजरा प्राणी सहा महिन्यांचा होण्याआधी. रिकामा झालेला किटाचा पिंजरा मोडीत काढू नका. आजारी प्राण्याला वेगळं ठेवायला, डॉक्टरकडे नेण्याआधी एखादी रात्र नजरेखाली ठेवायला, किंवा पुढच्या पिल्लाचे पहिले महिने काढायला त्याचा आकार अगदी योग्य आहे.